पाडव्याची रंगीत तालीम

नाटकाची रंगीत तालीम असते हे मला ठाऊक होतं. जेवणाचीही असते, हे वाशीला राहायला आल्यावर कळलं.

आमच्या समोरच्या दारात भाई तिरोडकर राहत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात नोकरी, लग्न केलेलं नाही, आणि कारखान्याच्या नाटकमंडळात कायमचे प्रॉम्प्टर. आम्ही आलो त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळीच त्यांनी आमची कडी वाजवली.

"मोरे, तुमची मंदा तासभर द्या. छबीचं काम करायला कोणी मिळत नाहीये."

मला वाटलं, दिवाळीत मुलांचं नाटक बसवतायत. मंदाला फ्रॉक घालून घेऊन गेलो, तर आत पाट मांडलेले, केळीची पानं वाढायला तयार, आणि इमारतीतली चारपाच चिल्लीपिल्ली हात धुऊन रांगेत उभी. छबी म्हणजे भाईंची पुतणी. तिचा धाकटा भाऊ बाळू. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, भाईंचे थोरले भाऊ बायकामुलांना घेऊन गिरगावातून जेवायला यायचे होते, आणि त्यात काही चुकू नये म्हणून ही तालीम होती.

तालीम कसली, पूर्ण जेवणच. वडे, काळ्या वाटाण्यांची उसळ, मऊ वरणभात, शेवयांची खीर. सगळं भाईंनी पहाटे उठून स्वतः केलेलं. मी म्हटलं, तालमीला एवढं कशाला? तर म्हणाले, खोटी उसळ वाढून खऱ्या उसळीचा अंदाज कसा येणार?

मुलांना कामं वाटून दिलेली होती. छबीला वाढलेलं चालत नाही, तिला आधी विचारावं लागतं. बाळूला वाटाणे आवडत नाहीत, तो पान सरकवतो आणि भोकाड पसरतो. पहिल्या मजल्यावरचा एक गुटगुटीत मुलगा बाळू झाला होता. त्याला वाटाणे फार आवडत. तो उसळ चाटूनपुसून खायचा आणि मग रडायचा.

"पुन्हा पहिल्यापासून," भाई म्हणायचे. "आधी रडायचं, मग मी खीर आणणार." पुन्हा उसळ वाढली जाई, तो पुन्हा ती संपवी. भाईंचा हा शब्द आमच्या जिन्यात इतका रुळला, की आमची ही आमटी खारट झाली तरी "पुन्हा पहिल्यापासून" म्हणायला लागली.

मला काम मिळालं दादांचं, म्हणजे त्या थोरल्या भावाचं. सोपं होतं. यायचं, भिंतीला टेकून बसायचं आणि बोलायचं नाही. मी एकदा चुकून "वा, वडे झकास" म्हणालो, तर भाईंनी मला थांबवलं. दादा रागावलेले असणार, ते इतक्या लवकर वडे झकास म्हणणार नाहीत.

रागाचं कारण इतकंच, की भाईंनी गिरगावची खोली सोडून इथे घर घेतलं. दादा म्हणाले होते, त्या पुलापलीकडच्या चिखलात मी पाऊल टाकणार नाही. भाई म्हणाले होते, मग मीही तुझ्या दारात येणार नाही. तेव्हाची वाशी होतीही तशीच. अर्ध्या इमारती रिकाम्या, संध्याकाळी कोल्हे ओरडायचे, आणि आमचे नातेवाईकदेखील "येऊ हं एकदा" म्हणून वर्षं काढायचे. पण दोन भाऊ एवढ्यावरून एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, याचा मला रागच यायचा.

पाडव्याला कोणी आलं नाही. भाई दुपारपर्यंत गॅलरीत उभे होते. मग त्यांनी पुन्हा मुलांना हाक मारली आणि सगळं जेवण त्यांना वाढलं. स्वतः मात्र बसले नाहीत. वाढणाऱ्याने मागून जेवायचं असतं, म्हणाले.

दर दिवाळीत हेच. आठवडाभर आधी पत्र जायचं, "जमल्यास येऊ" असं वहिनींचं उत्तर यायचं, आणि भाई बाजारात निघायचे. जवळच्या तळवली गावची एक म्हातारी तिथे भाजी घेऊन बसायची. भाईंची पिशवी भरताना तिने एकदा विचारलंच, "पोरां किती हायेत रं तुज्या घरान? कोन खानार यवरा?" भाई म्हणाले, "उद्या येणार आहेत, मावशी." तिने मूठभर मिरच्या वर टाकल्या. भाईंनी त्या परत काढून ठेवल्या, कारण बाळूला तिखट सोसत नाही.

मंदा मोठी झाली, छबीचं काम तिच्या धाकट्या बहिणीकडे गेलं. गुटगुटीत बाळूला मिसरूड फुटायला लागलं, तेव्हा तळमजल्यावरचा नवा बाळू आला. शेवटी आमच्या हिने मला विचारलं, "अहो, हा बाळू वाढत कसा नाही?" मी ते भाईंना बोलून दाखवलं. ते हसले. "भूमिका वाढत नाही, मोरे. नट बदलतात."

आणि मग एका पाडव्याला, मी आणि ही वडे तळायला मदत करत असताना, भाईंची कडी वाजली.

दारात दादा होते, हातात काठी. मागे वहिनी, साडीतली एक उंच मुलगी आणि मिशीवाला एक तरुण. भाईंनी दादांना वाकून नमस्कार केला, वहिनींना केला, आणि मग त्या तरुणाला बाजूला सारून जिन्यात डोकावले.

"बाळू कुठाय?"

"काका, मीच बाळू."

भाई त्याच्याकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "या, या, पानं घेतलीच आहेत." पण पाट छोटे होते, वाट्या छोट्या होत्या आणि भात चांगला मऊसूत कालवून तूप घालून ठेवलेला होता. बाळू त्या पाटावर गुडघे कानाशी घेऊन बसला आणि कालवलेला भात मुकाट्याने जेवला. मग त्याने उसळ मागून घेतली.

"तुला वाटाणे आवडत नाहीत," भाई हळूच म्हणाले.

"आता आवडतात, काका."

भाईंच्या हातातला उसळीचा डाव तिथेच थांबला. त्यांनी कसंबसं वाढलं. दादा भिंतीला टेकून बसले होते आणि एक अक्षर बोलत नव्हते. मला वाटलं, इतक्या वर्षांनी आले ते असेच उठून जाणार. मला त्या म्हाताऱ्याचा खरोखर संताप आला.

पानं उचलली गेली. दादा काठी टेकत उठले आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"तू कधी जेवणार?"

"मी मागाहून. सवय आहे."

"रोज एकटाच जेवतोस?"

भाईंनी मान हलवली. दादांनी काठी बाळूच्या हातात दिली आणि वड्यांची परात उचलली. परात जड होती, पण त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही.

"बस," ते म्हणाले.

भाई समोरच्या छोट्या पाटावर बसले. त्या घरात त्यांना कोणी वाढताना मी कधी पाहिलं नव्हतं. ही पदराने डोळे पुसत होती आणि माझंही काही वेगळं चाललेलं नव्हतं. भाई खाली मान घालून जेवत होते आणि दादा त्यांच्यासमोर वाकून विचारत होते, "आणखी एक घेतोस?"