पांढरे झगे आणि फिरती उपासना

आमच्या चर्चमध्ये कुठलंही काम अडलं की ते शेवटी माझ्याकडे येतं! माझी लाँड्री आहे. कोट असो की कठीण प्रसंग, सुरकुती म्हणून राहू द्यायची नाही, हा आपला धंद्याचा नियम. त्यामुळे साथ आली, चर्चला कुलूप लागलं आणि सगळे हातावर हात ठेवून बसले, तेव्हा मी मनात म्हटलं, आता आपली पाळी!

तोवर पाळकसाहेबांनी फोनवरून उपासना घेऊन पाहिली होती. पहिल्या रविवारी आम्ही निम्मा वेळ त्यांचं कपाळच पाहिलं. गाणं सुरू केलं, तर प्रत्येकाचा आवाज आपापल्या सवडीने पोचायचा. मी शेवटच्या कडव्यावर, पोस्टमन पहिल्यावर, आणि शिंपीमामा "मी ऐकू येतोय का?" हेच चालीवर गात होते! ऐन प्रार्थनेत कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. अर्ध्या लोकांनी "आमेन" म्हणून फोन बंद केले.

पण खरी काळजी होती ऑर्गनबाईंची. चर्चचा ऑर्गन त्यांनी इतकी वर्षं वाजवला की त्यांचं खरं नाव त्यांनाही आठवून सांगावं लागत असेल. एकट्या राहायच्या. फोन तारेचा, भिंतीवरचा. पाळकसाहेबांनी त्यांना शेजाऱ्यांच्या मोबाइलवर उपासना दाखवली, तर म्हणाल्या, "यात देव कुठे दिसत नाही. तुमच्या नाकपुड्या तेवढ्या दिसतात." आणि दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं.

मग त्यांच्या मुलीचा परगावाहून पाळकसाहेबांना फोन आला. "आई दिवसभर खुर्चीत बसून असते हो. जेवलीस का विचारलं की हो म्हणते. काय जेवलीस विचारलं की फोन ठेवते."

पाळकसाहेब माझ्या लाँड्रीच्या पायरीवर येऊन बसले. मास्कच्या वर फक्त डोळे, तेही पार उतरलेले.

"लोकांना चर्चमध्ये येता येत नाही," ते म्हणाले. "त्यातून ऑर्गनबाई..."

"मग चर्चच लोकांकडे नेऊ!" मी इस्त्री आपटली. "माझी व्हॅन आहे की! भोंगा लावू, चार गाणारे घेऊ, दारोदार जाऊ! आणि ऑर्गनबाईंसाठी गाडीत पायपेटी घालू!"

पायपेटी म्हणजे पायाने भाता मारून वाजवायची जुनी पेटी. ऑर्गन येण्याआधी बाई तीच वाजवायच्या. चर्चच्या माळ्यावर धूळ खात पडली होती.

पाळकसाहेबांचे डोळे चमकले. "सगळ्यांना कळवून ठेवतो."

"छे, छे! कुणाला सांगायचं नाही! दारात अचानक गाणं ऐकू आलं की बघा कसे चेहरे होतात ते!"

चेहरे झालेच.

त्या आठवड्यात मी जीव ओतून तयारी केली. गायनमंडळींचे झगे धुतले, नीळ घातली, अशी खळ दिली की झगे माणसाशिवाय उभे राहावेत! उपासनेच्या गाडीवर धंद्याची जाहिरात बरी दिसेना, म्हणून व्हॅनवरचं लाँड्रीचं नाव पांढऱ्या कागदाने झाकून टाकलं. बायकोने सगळ्यांना मास्क दिले, हातमोजे दिले, तोंडापुढे प्लॅस्टिकच्या ढाली दिल्या, केसांवर टोप्या चढवल्या. रविवारी सकाळी पाळकसाहेब, पोस्टमन, बेकरीवाली ताई, तिची जाऊ आणि मी, असे पाच जण पांढऱ्या व्हॅनपुढे पांढरेशुभ्र उभे राहिलो. देवदूतच!

बायको दारातून बघत राहिली. "अहो, तुम्ही सगळे कसे दिसताय, सांगू का?"

"सांगू नकोस! नजर लागेल!" म्हणत मी गाडी सुरू केली.

पहिल्या गल्लीत वळलो आणि माइक हातात घेतला. गाडी चालवणार मी, घोषणा करणार मी! आवाज भरदार लावला आणि म्हटलं, "घाबरू नका! आम्ही तुमच्यासाठीच आलो आहोत! घरातल्या सगळ्यांनी दारात उभं राहा!"

धाड! धाड! धाड! गल्लीतल्या खिडक्या बंद झाल्या. गच्चीवर कपडे वाळत घालणारी एक बाई ओल्या चादरीसकट खाली बसली. शिंपीमामा अंगणात मशीनवर बसले होते. आमच्याच मंडळीतले! मी आनंदाने ओरडलो, "शिंपीमामा, थांबा! तुमच्यापासूनच सुरुवात करू!"

शिंपीमामांनी गळ्यातल्या टेपसकट मागच्या भिंतीवरून उडी टाकली. या वयात! गुडघे दुखतात म्हणून चर्चमध्ये खुर्ची मागणारा माणूस!

"लाजले वाटतं," मी म्हणालो.

"मला काहीतरी चुकतंय असं वाटतं," मागून पाळकसाहेब म्हणाले. पण ते नेहमीच असं म्हणतात. मी गाडी थेट ऑर्गनबाईंच्या फाटकाशी नेली, आणि आयुष्यातली सगळ्यात प्रेमळ घोषणा केली.

"ऑर्गनबाई! बाहेर या! तुम्हाला घेतल्याशिवाय आम्ही जाणार नाही! गाडीत तुमची जागा तयार आहे!"

आतून पडदा बोटभर सरकला. बाईंचा एक डोळा दिसला. पडदा पडला, आणि घरात जड काहीतरी सरकवल्याचा करकर आवाज आला. बाई दाराला कपाट लावत होत्या!

"लांब राहा!" आतून आवाज आला. "मी कुठेही येणार नाही! मला काहीही झालेलं नाही!"

"बाई, आम्ही तुम्हाला बरं वाटावं म्हणून..." मी माइकवर बोलतोय तोच समोरच्या माडीवरून बादलीभर पाणी आलं. नेमकं पाळकसाहेबांवर! माझी सगळी खळ वाहून गेली! वर घड्याळजी काका, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे बाईंचे शेजारी, रिकामी बादली घेऊन उभे होते.

"म्हाताऱ्या बाईला ओढून नेता? लाज नाही वाटत?" ते गरजले. "आधी मला न्या!"

"काका, पुढच्या रविवारी तुम्हालाही घेऊ!" मी समजुतीने म्हणालो.

काका दुसरी बादली भरायला आत गेले.

आता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आमच्याकडे नीट पाहिलं. पांढरी गाडी, पांढरे झगे, मास्क, ढाली, हातमोजे... पाचजण आजाऱ्याला उचलून न्यायला आलेले! माझी पाचावर धारण बसली. "बाई, आम्ही ते नव्हे! आम्ही हे आहोत!" मी ओरडलो. त्याने कुणाचं समाधान होणार?

"मला फसवू नका!" बाई कडाडल्या. "माझं फुप्फुस ठणठणीत आहे! ऐकायचंय? ऐका!"

आणि बाई गायला लागल्या.

अहो, इतकी वर्षं त्यांनी आम्हाला गायला लावलं, पण त्यांना गाताना आमच्यापैकी कुणीच ऐकलं नव्हतं. कपाटाआडून, बंद दारातून तो आवाज आला. जरा कापरा, पण सुराला असा पक्का की आम्ही पाचही जण आपोआप ताठ उभे राहिलो. रविवारी सकाळी म्हणायचं तेच आमचं जुनं गीत. दुसऱ्या ओळीला बेकरीवाली ताई आणि जाऊ मिसळल्या. भिजलेल्या पाळकसाहेबांनी आवाज लावला. पोस्टमनने खालचा सूर धरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आम्ही सगळे एकाच वेळी एकाच ओळीवर होतो!

कडव्याच्या मध्येच बाई थांबल्या.

"खालचा सूर कोण पाडतंय?"

चार ढाली पोस्टमनकडे वळल्या.

"पोस्टमन! तू आहेस ना रे?"

"हो, बाई," ढालीआडून पोस्टमन म्हणाला.

"किती वेळा सांगितलं, तिथे श्वास घेऊ नकोस म्हणून!" आणि आत कपाट पुन्हा करकरलं. या वेळी उलट दिशेला.

कपाट हलायला बराच वेळ लागला. दार उघडलं तेव्हा बाईंच्या केसांत कोळिष्टक होतं आणि हातात लाटणं. आम्ही पायपेटी फाटकाच्या आत ठेवली आणि सांगितल्याप्रमाणे लांब सरकलो. बाईंनी लाटणं खाली ठेवलं. पदराने पेटीवरची धूळ पुसली, एकेक पट्टी दाबून पाहिली. एक पट्टी मुकी निघाली. तिच्यावर त्यांनी नुसतं बोट ठेवलं, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावं तसं.

"बसायला काहीतरी आणा," त्या म्हणाल्या. "उभ्याने कोणी वाजवतं का?"

घड्याळजी काकांनी वरून स्टूल दोरीला बांधून सोडलं. आणि मग अशी उपासना झाली म्हणून सांगू! खिडक्या उघडल्या. चर्चचं तोंडही न पाहिलेले लोक गच्चीवर येऊन टाळ्यांनी ताल धरायला लागले. शिंपीमामा भिंतीवर परत चढले आणि तिथूनच गायले, कारण खाली उतरता येईना. पाळकसाहेबांनी प्रवचन केलंच नाही. म्हणाले, "आज बाईंनी केलंय."

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आणखी एक पांढरी गाडी थांबली. आतून तिघे उतरले. पांढरे कपडे, मास्क, ढाली! माझा ऊर भरून आला. पलीकडच्या चर्चवाल्यांनी कल्पना उचलली तर!

"या, या!" मी माइकवरून स्वागत केलं. "जरा उशीर केलात! वरच्या सुरात गाता की खालच्या?"

"आम्ही आरोग्य खात्याचे," पुढचा म्हणाला. "एका म्हाताऱ्या बाईंना पळवणारी टोळी आलीय, असा फोन आला."

माडीवर घड्याळजी काका एकदम घड्याळ बघायला लागले.

"टोळी नाही हो, मंडळी!" असं मी म्हणणार होतो. पण सकाळपासून ओरडून ओरडून घसा बसलेला. तोंडातून नुसती फुसफुस आली, आणि तिच्यामागून खोकला. तोही माइकवर! सगळ्या गल्लीने ऐकला.

टाळ्या थांबल्या. माझ्याभोवतीची जागा एकदम मोठी झाली.

"घसा कधीपासून दुखतोय?"

"अहो, तो नुसता ओरडलाय," पोस्टमन म्हणाला.

"पण खोकला तर आला ना?" खात्याच्या माणसाने पाळकसाहेबांना विचारलं. आणि पाळकसाहेबांना कधी खोटं बोलता आलंय?

"आला खरा," ते खालच्या मानेने म्हणाले.

"बसा गाडीत."

मी ऑर्गनबाईंकडे केविलवाणं पाहिलं. त्यांनी पेटीवर दोन्ही हात पसरले. "त्याला न्या हवं तर. पेटी नेऊ देणार नाही!"

मला एका शाळेच्या इमारतीत ठेवलं. तपासणीत काही निघालं नाही, पण निकाल हातात येईपर्यंत मध्ये एक रविवार गेला. त्या सकाळी खिडकीखाली हॉर्न वाजला. पाहतो तर माझीच व्हॅन! चालवत होती बायको. गाडीवरचे कागद काढलेले, लाँड्रीचं नाव लखलखीत. झगे तिने आकाशी रंगवून आणले होते. आणि त्या अरुंद फाटकातून तिने गाडी अशी सुळकन मागे घेतली की मी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला "ती माझी बायको!" म्हणून सांगितलं. मागे ऑर्गनबाई पेटीपुढे बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि पोस्टमनला इशारा केला, श्वास घेऊ नकोस.

तेव्हापासून फिरती उपासना छान चालली आहे. गाडी बायकोच चालवते. वळणावर पेटी घसरू नये म्हणून मागे बसून ती धरायची, हे काम माझ्याकडे आहे. माइकला मी हात लावायचा नाही, असा चर्चच्या समितीने चालत्या गाडीतच ठराव केलाय. एकमताने! म्हणजे मीही हात वर केला. दोन्ही हातांनी पेटी धरलेली होती, पण आमच्या हिने गाडी चालवता चालवता आरशातून नुसतं पाहिलं, आणि एक हात मोकळा सापडला.