तात्या आणि टिटवीचं सोंग

भर दुपारी डोक्यावर सूप धरून आपल्याच अंगणात पळणारा म्हातारा तुम्ही पाहिला नसेल, तर तुम्ही सणसरला आलेलेच नाहीत. ते आमचे शेजारी, तात्या. सुपाची सावली म्हणजे घार. आईविना वाढलेलं कोंबडीचं पिल्लू ती सावली बघून दडतं का, याचा शोध चालला होता. पिल्लू दडलं. तात्या घामाघूम होऊन म्हणाले, "बगितलं मास्तर? शिकवाय आई न्हवती. जन्माचीच सोय हाय ती."

जगातल्या यच्चयावत प्रेमावर तात्यांनी 'सोय' असा शिक्का मारला होता. गाय वासरासाठी शिंगं रोखते? सोय. कोंबडी पंख पसरते? तीही सोय. "मायाबिया काय न्हाय त्यात." मी पडलो शाळामास्तर, म्हणजे विद्वान. शिंगं ही सोय, कासवाची पाठ ही सोय. पण वागणं ही सोय कशी, असं मी पुस्तकाच्या जोरावर विचारी. तात्या माझ्याकडे इतक्या दयेनं बघत, की राजीनामा द्यावासा वाटे.

चैत्रात त्यांच्या रानात टिटवीनं अंडी घातली. कुत्रं आलं की ती पंख मोडल्याचं सोंग घेऊन लंगडत त्याला लांब नेई. तात्यांना आयताच पुरावा मिळाला. पंधरा दिवस त्यांनी गावाला झोपू दिलं नाही.

मग पाटाच्या पाण्याची पाळी आली. अंडी खोलगट कोपऱ्यात. पाणी कुठूनही सोडा, तिथंच साचणार. आणि पाळी चुकली तर नुकतं लावलेलं उसाचं बेणं वाळणार. मी मुद्दाम गंमत बघायला गेलो.

"सोयच ती तात्या, सोडा पाणी," मी म्हणालो. आज त्याची लाज वाटते.

तात्यांनी बांध फोडला. पाणी सरीत शिरलं. टिटवी धावत आली आणि पाण्यापुढं लंगडायला लागली.

तात्या खोऱ्यावर हात टेकून बघत राहिले. "पाण्याला सोंग कळत न्हाय, मास्तर."

मग नजर टिटवीवरून न हलवता म्हणाले,

"आमची पोरगी तापली, तवा तिची आई उंबऱ्यात आडवी झोपली हुती. तापाला आत येऊ द्यायची न्हाय म्हणं. ताप आतच हुता."

तात्यांना मुलगी होती, हे इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी फोडलेला बांध बुजवला आणि पाळी शेजारच्या रानाला देऊन टाकली. टिटवी आता त्यांच्यापुढं पंख ओढत लंगडू लागली. तिला बरं वाटावं म्हणून तात्या निमूटपणे तिच्या मागोमाग लांबवर चालत गेले.