सांता ब्रिनाचे लाल निशाण

समुद्र मुळातच बेशिस्त असल्यामुळे शिस्त किनाऱ्याला लावावी लागते, हे सांता ब्रिनाच्या नगरपालिकेने फार लवकर ओळखले. किनारा एक किलोमीटर, छत्र्या चारशे बारा, पायडल मारायच्या होड्या तीस (पैकी बदकाच्या आकाराच्या अकरा), जीवरक्षक एक. ती मिलाग्रोस. एकोणीस उन्हाळे ती उंच खुर्चीत बसून होती आणि नुसत्या रंगावरून तिला पाण्याची ओढ कळे. अर्थात, या ज्ञानाचा दाखला तिच्याजवळ नव्हता.

गेल्या मोसमात तिने नऊ दिवस लाल निशाण लावले. त्या नऊ दिवसांत बुडालेल्यांची संख्या शून्य भरली. यावरून निशाण विनाकारण लावले जाते, हे पर्यटन समितीचे प्रमुख सेन्योर एवारिस्तो यांनी सप्रमाण सिद्ध केले आणि ठराव झाला: यापुढे लाल निशाणासाठी संकटात सापडलेल्या व्यक्तीचा सहीनिशी अर्ज लागेल. (अर्ज ओला नसावा.)

ऑगस्टात, मारियामातेच्या सणाच्या सकाळी पूर्वेचा वारा सुटला. मिलाग्रोस धावतच एवारिस्तोसाहेबांच्या कचेरीत गेली.

"साहेब, पाणी आत ओढतंय. आज कुणाला उतरू देऊ नका."

"अगं, हॉटेलं भरलीत. लोक काय वाळूत लोळायला आलेत?"

"मग बुडायला आलेत का?"

"तुझ्या तोंडात कधी शुभ म्हणून नाहीच! चल, मीच उतरून दाखवतो."

आणि साहेब खरोखर उतरले. सोबत पालिकेचा छायाचित्रकार (तो कोरड्यात). साहेब फळीवर उभे राहिले, हातात वल्हे. तरंगते जॅकेट त्यांनी नाकारले, कारण त्यात पोट मोठे दिसते. पहिला फोटो छान आला. दुसऱ्यात साहेब लहान दिसत होते. तिसऱ्यात नुसती फळी होती.

"सरळ येऊ नका! आडवे पोहा, किनाऱ्याला धरून!" मिलाग्रोस ओरडली. पण साहेबांनी जन्मात कुणाचे ऐकले नव्हते. ते सरळच हात मारत राहिले आणि मागे मागे जात राहिले. तिने तरंगता पट्टा गळ्यात अडकवला आणि उडी घेतली. बावन्नाव्या वर्षी तिच्या खांद्यातून कळ निघाली. एका लाटेखाली तिला घरी झोपलेली आई आठवली. मग साहेबांचे टक्कल हाताला लागले.

"लाल... लाल लाव," ते खोकत म्हणाले.

"तोंडी चालत नाही, साहेब," ती म्हणाली, आणि त्यांना आडवे ओढत नेऊ लागली.

वाळूवर पोचल्यावर तिने साहेबांना कुशीवर वळवले. मग अर्जाशिवायच लाल निशाण चढवले. साहेबांनी हरकत घेतली नाही. ते ओकत होते. चारशे बारा छत्र्यांखालून टाळ्या झाल्या, डोळेही पुसले गेले.

टाळ्या संपताच एक सद्गृहस्थ मुलीला कडेवर घेऊन खुर्चीपाशी आले. "बाई, आम्ही नुसते गुडघ्यापर्यंत जातो. चालेल ना?" त्यांच्यामागे रांग लागली होती.

अशा लोकांना काय म्हणावे! वाचकहो, आपले तसे नाही. आपल्याला निशाणाचा अर्थ कळतो. आपण फक्त पाय ओले करायला जातो, तेही फोटोपुरते.