सदतिसावा फोटो

दातांच्या दवाखान्यात काकांचा नंबर दुसरा होता. उजवा गाल टम्म सुजलेला, आणि शेजारी काकू "गोड कमी खा म्हटलं तर माणसाला राग येतो" हे चौथ्यांदा ऐकवत होत्या. काकांचं लक्षच नव्हतं. ते भिंतीलगतच्या माशांच्या टाकीकडे टक लावून बसले होते.

"अगं, तो चंदेरी बघ. काळ्या पट्ट्यांचा. गाल बघ त्याचे!"

"तुमच्यासारखेच आहेत."

"अंडी आहेत तोंडात! तोच हा. आपला!"

काकूंनी घाईघाईने चष्मा लावला आणि टोमणा मारायचं विसरून त्या पुढे सरकल्या.

काकांनी तीस वर्षं समुद्राखाली फोटो काढले. जोडीला काकू, हातात टॉर्च घेऊन. तेव्हा कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल असायचा आणि पाण्याखाली तो बदलता येत नसे. एकदा साठ फूट खोल त्यांना हा मासा भेटला. या जातीत अंडी बाप सांभाळतो, तीही तोंडात. पिल्लं निघेपर्यंत बिचारा उपाशी राहतो आणि मधूनच क्षणभर आ वासून अंडी खालीवर करतो. तो क्षण टिपायला काका टपून बसले, पण धीर निघाला नाही. मिटल्या तोंडाचेच छत्तीस फोटो काढून झाले. आता रोल संपला म्हणून ते कॅमेऱ्याकडे बघतात न बघतात, तोच माशाने आ वासला. काकूंनी पाहिला, काकांनी नाही. पुढे कानाने दगा दिला आणि बुडी मारणं कायमचं बंद झालं. सुखाच्या संसारात ही एवढीच चुटपुट राहून गेली होती.

"काका, चला, तुमचा नंबर," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"पुढच्यांना पाठव."

"अहो, पण तुम्हालाच जास्त दुखतंय ना?"

"दाढ कुठे पळून जात नाही, बाळा. मासा जातो."

पुढचे म्हणजे बँकेतले एक गृहस्थ. ते खुशीत आत गेले. काकांनी खिशातून मोबाइल काढला आणि गुडघे कुरकुरत असतानाही टाकीसमोर फतकल मारली.

"या बुडबुड्यांनी पाणी हलतंय. पंप बंद कर गं जरा."

पंप बंद झाला. मग उजेड कमी पडायला लागला. पाण्याखाली उजेड कधीच पुरत नाही, हे काकांच्या हाडीमाशी खिळलेलं. मुलीने सगळ्या ट्यूब लावल्या, खिडकीचा पडदा बाजूला सारला. तरी काकांचं समाधान होईना. तिलाही एव्हाना चेव चढला होता. ती आत गेली आणि चाकांवरचा मोठा दिवा ढकलत बाहेर घेऊन आली. काकूंनी न सांगता तो काकांच्या उजव्या खांद्यामागे धरला. जागा इतक्या वर्षांनीही तीच होती.

मागोमाग डॉक्टरीणबाई तणतणत आल्या. "माझा दिवा कुणी आणला? पेशंट अंधारात आ करून बसलाय!"

"शूऽऽ!" तिघेही एकदम म्हणाले.

"अंडी आहेत त्याच्या तोंडात," मुलगी कुजबुजली.

"अगं बाई! आणि मी आठ दिवस काळजीत, की हा खात का नाही!" म्हणत बाई हातमोज्यांसकट खाली बसल्या. आतून बँकवाल्यांचा "आँ… आँ…" असा आवाज आला, पण उठतंय कोण!

आणि माशाने आ वासला. चांगला ऐसपैस. आतली मोत्यांसारखी अंडी एकदा गर्रकन फिरली आणि काकांनी बटण दाबलं.

सगळे मोबाइलवर ओणवे झाले. फोटोत मासा म्हणून एक करडा डाग होता. समुद्रात मासा आणि कॅमेरा एकाच पाण्यात असतात. इथे मध्ये टाकीची काच होती, आणि काकांनी गोळा केलेला सगळा उजेड तिने आरशासारखा परत केला होता. फोटोभर होत्या काकू. हातात दिवा, डोळे विस्फारलेले, तोंडाचा हा एवढा आ.

"गेला हो!" मुलगी हळहळली.

काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. पाण्याखाली काकूंच्या डोळ्यांवर कायम बुडीचा मास्क, तोंडात हवेची नळी. हजारदा बरोबर बुडी मारली, पण नवल बघताना आपली बायको कशी दिसते, हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी कारण दाढ नव्हती.

"हा मोठा करून बाहेरच्या खोलीत लावणार," ते म्हणाले.

"इश्श! पुसून टाका आधी. पार घसा दिसतोय!"

डॉक्टरीणबाईंनी मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ निरखला.

"सुंदर आलाय ना?" काकांनी हरखून विचारलं.

"सुंदरच. सगळं स्वच्छ दिसतंय. काकू, वरची शेवटची दाढ पार पोखरलीय हो. यांच्याआधी तुम्ही आत चला."

काकूंनी तोंड गच्च मिटून घेतलं, आणि मग ते कुणाच्या बापालाही उघडवेना.