मोजल्याशिवाय देव नाही

आम्ही बदली होऊन कोलकात्याला आलो, त्या पहिल्याच रविवारी वरच्या मजल्यावरचे दामले काका चहाला आले आणि कप खाली ठेवायच्या आत त्यांनी आमच्या देव्हाऱ्यातला गणपती तिरका केला. "अगं, हा पूर्वेला बघतच नाहीये. शेजाऱ्यांच्या गॅलरीत डोकावतोय."

काका गार्डन रीचला रेल्वेत इंजिनियर होते. पण होकायंत्रावर त्यांचा विश्वास नाही. गच्चीवर खडूचं वर्तुळ, मधोमध उभी काठी. सकाळी काठीच्या सावलीचं टोक वर्तुळाला शिवलं की एक खूण, दुपारी शिवलं की दुसरी. दोन्हींमधून दोरी ताणली की झाली पूर्व-पश्चिम. तोवर कुणी कपडे वाळत घालायचे नाहीत. खालच्या मजल्यावरच्या घोषबाबूंची बायको ओल्या साड्यांची बादली घेऊन जिन्यात ताटकळायची, आणि बंगालीत जे पुटपुटायची ते मी काकांना कधी सांगितलं नाही.

"यज्ञाची वेदी तसूभर चुकली तर आहुती देवांना पोचत नाही, अशी श्रद्धा होती," काका सांगायचे. "म्हणून माणसं दोऱ्या ताणायला लागली. चौरसाएवढंच वर्तुळ कसं काढायचं, याचा घोर लागला त्यांना. आपली भूमिती तिथली. मोजल्याशिवाय देव नाही." ऐकायला भारी वाटायचं. काकू मात्र मला हळूच म्हणायच्या, "यांना वेदी मिळाली की पुरे. देव नसला तरी चालेल."

गेल्या वर्षी काकूंनी अंथरूण धरलं. मान वळवता येईना. देव्हारा त्याच खोलीत, पण बाजूच्या भिंतीला. त्यांचं एकच मागणं होतं: देव्हारा पायाकडच्या भिंतीशी ठेवा, म्हणजे पडल्या पडल्या कृष्ण दिसेल.

"तिथे त्याचं तोंड दक्षिणेला येतं," काका म्हणाले.

मी भांडले. "काका, कृष्णाला नाही पडलेली दिशेची."

ते हटले नाहीत. मग पलंगच फिरवायचा बेत केला. कपाट आड येत होतं, म्हणून टेप घेऊन खोलीचा नकाशा काढायला बसले. नकाशा पुरा व्हायच्या आत काकू गेल्या. मला इतका राग आला होता, की तेराव्यालाही मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

परवा पुरणपोळ्या द्यायला वर गेले. दार उघडंच होतं. देव्हारा पायाकडच्या भिंतीशी, तोंड दक्षिणेला. काका काकूंच्या जागी उताणे पडले होते, मान अजिबात न हलवता.

"इथून दिसतो गं," ते म्हणाले. "अगदी नीट दिसतो. सगळी खोली मोजली मी. तिच्या जागी आडवं होऊन एकदा बघावं, एवढं काही सुचलं नाही."