पश्चिम खिडकीस काच बसविली त्याचे वर्तमान

श्रीसूर्यनारायण सकळांचे पोशिंदे, त्यांनी या घरावरील आपली कृपादृष्टी किंचित आवरती घ्यावी, इतकीच विनंती करोन लिहिण्यास आरंभ केला. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. नाव ठेवणारा मोठा जाणता असावा. एक राज्य होते, त्याचे नाव घालीत नाही, कारण त्यातील माणसे हयात आहेत आणि त्यांस पुरेसे जाहले आहे. राज्य म्हणजे दुसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांचा मुलूख. धनी निरंजनराव, परंतु कारभार सर्व त्यांच्या पत्नी यशोधराबाई यांचे हाती, आणि तो त्या चोख करीत. पश्चिमेच्या खोलीत निरंजनरावांचे तीर्थरूप अप्पासाहेब पलंगावर पडोन असत. अर्धांगवायूने वाचा गेली होती आणि एक उजवा हात तेवढा हुकुमात राहिला होता. त्या खोलीस थोरली खिडकी, आणि त्या वाटे उन्हाची फौज रोज दुपारी चालोन येई आणि दिवेलागणीपर्यंत तळ देऊन बैसे. एसी म्हणोन शीतयंत्र होते, परंतु ऐन दुपारी वीज जाणे हा त्या नगरीचा रिवाज, मग वाळ्याचे पडदे सोडीत आणि त्यांवर पाणी मारीत आणि खोली गार होई, परंतु अंधारी होई. अंधार जाहला की अप्पासाहेबांचे डोळे भरोन येत. बाहेर एक रस्ता आणि एक लिंबाचे झाड इतकेच दिसण्याजोगे होते, परंतु त्यांस जग म्हणोन तेवढेच उरले होते. ते पाहोन बाईंचा जीव तुटे, कारण या सासऱ्याने त्यांस लेकीहून अधिक मानिले होते.

मग चैत्रमासी मसलत बैसली. बाईंचे धाकटे दीर चंद्रहासराव बोलिले जे, काळी काच लावावी, बाहेरोन आरशासारखी झळकते, समोरच्या इमारतीत सर्वांनी तीच लाविली, आपण काय म्हणोन मागे राहावे. बाईंनी ते मनास आणिले नाही. काळ्या काचेतून लिंबही काळाच दिसेल, आणि मग पडद्याने काय वाईट केले होते? म्हणोन त्या स्वतः काचेचे सौदागर कासमशेट यांचे दुकानी गेल्या. कासमशेट यांनी जोडकाच दाखविली, दोन काचा आणि मध्ये कोंडलेली पोकळी, आणि पोकळीकडील एका अंगास धातूचा लेप, इतका विरळ की डोळ्यांस दिसेना. उजेड आत येतो, ताप मागे फिरतो. बाईंनी विचारिले, लेप आहे हे कैसे जाणावे? तेव्हा त्यांनी लायटर पेटवोन काचेपुढे धरिला, तो काचेत एकामागे एक चार ज्योती दिसल्या, त्यांत एक तांबूस.

कासमशेट बोलिले, "घरातून बघाल तेव्हा तिसरी ज्योत तांबडी दिसायला हवी, बाई. तिसरी दिसली म्हणजे लेप बाहेरच्या काचेवर आहे, काच बरोबर बसली." बाई बहुत संतोष पावल्या आणि काच ठरवोन आल्या. इथपर्यंत त्यांचे कोठे चुकले नाही, हे लिहून ठेवणे आम्हास अगत्याचे वाटते.

काच आली ते दिवशी बाईंनी रिवाजाप्रमाणे तिची पूजा केली. घरात फ्रीज आला तरी हळदकुंकू, गाडी आली तरी नारळ, मग एवढ्या तोलामोलाची काच कोरडी कैसी घ्यावी? वरच्या अंगास सौदागराचा स्टिकर होता, त्याचे शेजारी कुंकवाचे स्वस्तिक काढिले आणि फूल वाहिले. मग कारागीर काच उचलोन चौकटीत बसवू लागले, तो स्वस्तिकाचे तोंड बाहेर रस्त्याकडे होऊ लागले. बाई बोलिल्या, शुभचिन्ह घराकडे पाठ करोन बैसत नाही, फिरवा. कारागीर बोलिला जे, स्टिकर बाहेर पाहिजे, दुकानातून तसे सांगितले आहे. बाईंनी जाणिले, सौदागरास आपले नाव रस्त्यावर मिरवावयाचे आहे, दुसरे काय. त्यांनी पुन्हा सांगितले आणि कारागिराने घरधनिणीचे ऐकिले. काच फिरली, स्टिकर खरवडोन काढिला, स्वस्तिक अप्पासाहेबांचे दृष्टीसमोर आले, आणि ज्योत लावोन पाहावे याची कोणास आठवण राहिली नाही. खोलीत उजेड भरला. अप्पासाहेब लिंबाकडे पाहोन हसले, तेव्हा बाईंस दिवाळी जाहली.

निरंजनराव बोलिले, "वाळ्याचे पडदे असू दे. वेळप्रसंगी लागतील."

"काचेवर भरवसाच नाही, तर काच आणली कशाला?" बाई बोलिल्या, आणि पडदे उतरवोन खालच्या रखवालदारास देऊन टाकिले.

मग वैशाख लागला. अप्पासाहेब दुपारी उजवा हात उचलोन खिडकीकडे करीत, मूठ वळीत आणि हात खाली ओढीत, पुन्हा वर नेत आणि पुन्हा ओढीत. सुटीच्या दिवशी बाई जवळ असत, त्या म्हणत, होय हो अप्पा, लिंबाची फांदी खाली आली आहे, दिसते ना आता. अप्पासाहेब हात तैसाच धरोन राहत, मग ठेवीत.

एके दिवशी वीज सकाळीच गेली ती संध्याकाळपर्यंत फिरकली नाही. बाई आणि निरंजनराव आपापल्या कचेरीत होते. अप्पासाहेबांजवळ कौसल्या म्हणोन सेवेकरीण असे. तिला बाईंची ताकीद होती की पश्चिमेची खोली आता घरात सर्वांत थंड, तेव्हा दार लावोन घेत जावे, गारवा बाहेर जाऊ देऊ नये. तिने दार लावोन घेतले आणि आपण बैठकीच्या फरशीवर पडली. बिचारीने हुकूम पाळिला. बाई घरी आल्या, दार उघडले, तो आतून भट्टीची वाफ अंगावर आली. अप्पासाहेबांचा हात पलंगाबाहेर लोंबत होता. वैद्यांनी उन्हाचे निमित्त सांगितले, गणगोतांनी वयाचे सांगितले, आणि सर्व बोलिले जे सुनेने सेवेत काही कमी केले नाही.

पलंगाजवळ पीठ पसरोन त्यावर दिवा ठेविला, जैसा ठेवितात. सांजवेळी बाई तेल घालण्यास वाकल्या, तो समोर काचेत चार ज्योती उभ्या राहिल्या आणि त्यांत दुसरी तांबूस होती. बाईंनी डोळे पुसोन पुन्हा पाहिले. दुसरीच होती.

कासमशेट यांस पाचारिले. त्यांनी खिडकी पाहिली, दिवा पाहिला, काचेतील ज्योती मोजिल्या. मग बाईंनीच विचारिले, "माझ्या स्वस्तिकानं गेले ना?"

"नाही, बाई. उलटी बसली तरी साध्या काचेपेक्षा बरी असते ती," कासमशेट बोलिले. "खिडकीला पडदे नव्हते का?"

तेव्हा त्या हाताचा अर्थ बाईंस कळला. वर नेलेली मूठ आणि खाली ओढलेला हात. इतके दिवस म्हातारा पडदा मागत होता आणि त्या त्यास झाड दाखवीत होत्या. बाई तेथेच खाली बैसल्या आणि मोठ्याने रडल्या, त्यांस उठविण्यास कोणी पुढे जाहले नाही.

पुढे काच उलटवोन नीट बसविली. वाळ्याचे नवे पडदे आले. खोली आता भर दुपारी गार असते, लिंब स्वच्छ दिसतो, विजेचा खर्चही कमी जाहला, सर्व सौदागर बोलिला तैसेच. बाई दुपारी त्या खोलीत जाऊन पडदा ओढितात, आणि पलंग रिकामा आहे हे ध्यानी येऊन पुन्हा वर करितात. येणेप्रमाणे त्या राज्याने पश्चिमेचा मोर्चा जिंकिला. ज्यासाठी जिंकावयाचा, तो राहिला नाही.