एका बाकाचे बारा पुढारी

"यंदाचा पुरस्कार माझाच! लिहून घ्या!" चौकशीने वसतिगृहाच्या जेवणघरात ताटावरून उठता उठता जाहीर केलं. आईलाही फोन करून कळवून टाकलं.

"अगं बाई! कधी मिळाला?" आईने विचारलं.

"मिळालाय असंच समज. फक्त अर्ज तेवढा भरायचा राहिलाय."

तिचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि ते तिथेच राहिलं. बाकी सगळे तिला चौकशी म्हणत. ती दवाखान्यात गेली, तर डॉक्टर स्वतः आजारी पडल्यावर कुठे जातात, हे विचारून येई. तिकीट काढताना कंडक्टरला विचारी, "तुम्ही सुट्टीच्या दिवशी बसने फिरता का हो?" संख्याशास्त्र तिने घेतलं ते आकड्यांच्या प्रेमापोटी नव्हे. लोकांना दारोदार जाऊन प्रश्न विचारता येतात आणि वर मार्कही मिळतात, म्हणून घेतलं.

आता, विद्यापीठाचा 'विद्यार्थी नेतृत्व आणि समाजसहभाग पुरस्कार' तिला कशाला हवा होता? ढाल आणि प्रमाणपत्र गेलं खड्ड्यात! पुरस्कार मिळणाऱ्या मुलीला वसतिगृहाच्या गच्चीवरची एकटीची खोली वर्षभरासाठी मिळायची. एक खाट, एक टेबल, एक खिडकी. आणि मुख्य म्हणजे, तिथे रेडिओ नव्हता.

रेडिओ म्हणजे चौकशीच्या खोलीतली दुसरी मुलगी. ती फिजिओथेरपी शिकत होती, आणि तिला मोठ्याने म्हटल्याशिवाय काही पाठ होत नसे. सकाळी पाचला सुरू व्हायची. "स्कॅफॉइड! ल्युनेट! ट्रायक्वेट्रल! पिसिफॉर्म!" ही म्हणे मनगटाची हाडं. मनगट संपलं की पाऊल, पाऊल संपलं की पाठीचा कणा. शिवाय दर पाच मिनिटांनी, "ऐकतेयस ना गं?" चौकशीने कानात कापूस घातला, उशी बांधली, तीन वेळा वॉर्डनबाईंकडे अर्ज केला. वॉर्डनबाई म्हणाल्या, "खोलीत अभ्यास करणारी मुलगी आहे, हे नशीब समज!" दोन वर्षांत चौकशीला एक दिवस सलग झोप मिळाली नव्हती. मुलगी वाईट नव्हती हो. तापात तिने चौकशीचे पाय चेपले होते. पण चेपताना पायातल्या प्रत्येक स्नायूचं नाव सांगितलं होतं, त्याला काय करणार?

तर पुरस्कार. त्यासाठी समाजकार्य हवं, आणि ते चौकशीकडे तयार होतं. सरकारी रुग्णालयासमोरच्या बसथांब्यावर बसायला काहीच नव्हतं. पेशंट हातात एक्स-रे धरून तासतास उभे! "हे लोक बसत का नाहीत?" असा प्रश्न चौकशीला पडला आणि तिने तीन आठवडे थांब्यावर जाऊन माणसं मोजली. मग मंडळ जमवलं, रेडिओ धरून बारा जणांचं. महाविद्यालयातली मोडकी डेस्कं मिळवली, सुतारकाकांना गाठलं आणि थांब्यावर एक छानपैकी लांबलचक बाक उभा राहिला. लोक बसायला लागले. एक आजी तर बस आली तरी उठेनात.

"आता सांगा, दुसरं कोण टिकणार माझ्यापुढे?" म्हणत चौकशीने अर्ज भरायला घेतला. पहिली सहा कलमं झरझर भरली. सातव्या कलमावर पेन थांबलं.

'अर्जदाराच्या नेतृत्वाखाली काम केलेल्या एका व्यक्तीचे पत्र, बंद लिफाफ्यात जोडावे.'

हात्तिच्या! त्यात काय! अकरा जण आहेत की. ती पहिल्यांदा मंडळातल्या साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे तिच्याच वर्गातला मुलगा, पण चहा पितानाही भाषण केल्यासारखा बोलायचा.

"तू माझ्या हाताखाली काम केलंस, एवढं दोन ओळीत लिहून दे," चौकशी म्हणाली.

"मी? तुझ्या हाताखाली?" साहेबांचा कप बशीत आपटला. "बाक थांब्यापर्यंत उचलून नेला तेव्हा पुढचं टोक कोणाच्या हातात होतं?"

"तुझ्या. पण तू उलटा चालत होतास!"

"उलटा असलो तरी पुढे मीच होतो. आणि हे बघ, मीही अर्ज केलाय."

चौकशी दुसऱ्याकडे गेली. त्यानेही अर्ज केला होता, कारण रंग निवडला तो त्याने. तिसरीने केला होता, कारण उद्घाटनाच्या फोटोत ती मधोमध होती. चौथ्याने केला होता, कारण बाक होऊ शकणार नाही असं तो पहिल्यापासून म्हणत होता आणि त्याच्यामुळेच म्हणे सगळे इरेला पेटले. संध्याकाळपर्यंत हिशेब लागला. बाक एक, पुढारी बारा, आणि हाताखालचा माणूस एकही नाही!

सगळ्यांचंच सातवं कलम अडलं होतं. शेवटी साहेबांनी तोडगा काढला. "चौकशी, तूच लिहून दे ना मला पत्र. तू कशी प्रामाणिक! मी उद्या तुला देतो." हे ऐकून दुसरा आला. मग तिसरी. चौकशीने खरं तर सगळ्यांना हाकलून द्यायला हवं होतं. पण एवढ्याशा बाकात अकरा जणांना आपलं नेतृत्व नेमकं कुठे दिसलं, हे जाणून घ्यायची तिला अशी काही हुक्की आली की ती हो म्हणून बसली! तिने एकेकाला समोर बसवलं, वही काढली आणि सुरुवात केली. "मला नेमकं काय करायला सांगितलंस? किती वाजता? मी ते केलं का?" आणि उत्तर आलं तसं, शब्दाला शब्द, पत्रात उतरवलं. खोटं एक अक्षर नाही.

दहा पत्रं झाली. अकराव्या पत्रासाठी रेडिओ आली.

"तुलाही माझंच पत्र हवं?" चौकशी किंचाळली.

"मग! बाकाची उंची कोणी सांगितली? गुडघा नीट वाकला पाहिजे म्हणून सुतारकाकांना पटेला, फीमर, टिबिया सगळं म्हणून दाखवलं मी. मला पत्र देशील ना? माझं ऐकणारं तुझ्याशिवाय आहे तरी कोण?"

चौकशीच्या डोक्यात सणक गेली. सकाळी पाचपासून पायाची हाडं ऐकून तिचं डोकं आधीच उठलं होतं. दोन वर्षांचं सगळं साठलेलं तिने त्या कागदावर ओतलं, लिफाफा चिकटवला आणि रेडिओच्या हातात दिला. आता समितीला कळेलच की, असं म्हणून तिला जरा बरंसुद्धा वाटलं.

राहिलं तिचं स्वतःचं पत्र. "उद्या देतो"वाल्या अकरांपैकी एकाचाही उद्या उजाडला नाही. कसा उजाडणार? चौकशी पुढारी होती असं लिहून द्यायचं तर स्वतःच्या पुढारीपणाचं काय? शेवटी ती सुतारकाकांच्या कारखान्यात गेली.

"काका, तुम्ही माझ्या नेतृत्वाखाली बाक केलात ना?"

काकांनी रंधा थांबवला. "तू माझ्या हाताखाली खिळे धरलेस, पोरी."

"पण करा म्हणून मी सांगितलं ना? माझं एवढं एक काम करा हो काका. मला झोपायला खोली हवी आहे. दोन वर्षं झोपले नाही मी."

काका विरघळले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पाठमोरे होऊन अर्धा तास लिहिलं आणि लिफाफा सरसाने असा चिकटवला की तो फोडायला पटाशीच लागली असती. झालं! चौकशीच्या हातात बंद लिफाफा! आत काय असेल? तिने तो उजेडासमोर धरला, वास घेतला, हलवून पाहिला, अक्षरं लागतात का म्हणून बोट फिरवून पाहिलं. दोन दिवस ती जेवताना लिफाफा शेजारी ठेवून जेवली. पण फोडला नाही हो! सरळ नेऊन कचेरीच्या पेटीत टाकला.

आठवड्याने निरोप आला, 'समितीसमोर हजर राहावे.' बारा जणांत एकटीलाच! चौकशीने इस्त्रीचे कपडे घातले, आईला फोन केला, आईने मावशीला केला, आणि चौकशी समितीच्या खोलीत शिरली ती ढाल कुठल्या हाताने घ्यायची याचा विचार करत.

समोर कुलसचिवबाई आणि क्रीडासंचालक बसले होते. टेबलावर कागद पसरलेले होते.

"अकरा पत्रं," कुलसचिवबाई म्हणाल्या. "अक्षर एकच. सही एकच. तुझी."

"हो मॅडम. पण सगळी खरी आहेत!"

"असं?" बाईंनी एक उचलून वाचलं. "'सदर विद्यार्थ्याने मला दहा वाजून पाच मिनिटांनी "तिकडून उचल" असे सांगितले. मी उचलले. एवढ्यापुरते त्याचे नेतृत्व मी मान्य करते.'"

क्रीडासंचालकांना ठसका लागला. त्यांनी दुसरं वाचलं. "'सदर विद्यार्थिनीने फोटोसाठी सर्वांना डावीकडे सरकण्यास सांगितले. सर्व सरकले. त्यात मीही होते.' ...अहो, हे तर हजेरीपुस्तकापेक्षा चोख आहे!"

"आणि हे तुझ्याबद्दलचं," बाई म्हणाल्या. चौकशी खुर्चीच्या टोकावर सरकली. दोन दिवस छळणारं ते पत्र आता कळणार होतं! "'ही मुलगी गुणी आहे. प्रश्न फार विचारते. लाकूड कोणतं घेऊ, पाय किती लावू, सगळं मला विचारायची. उत्तरं मी दिली. त्यावरून पाहता नेतृत्व माझंच दिसतं. पुरस्कार बाहेरच्या माणसाला देता येत असेल तर माझा पत्ता खाली आहे.'"

चौकशीने डोळे मिटून घेतले. तेरावा पुढारी!

"तुझा प्रामाणिकपणा आम्हाला आवडला," बाई म्हणाल्या. "पण तुला बोलावलं ते दुसऱ्याच कारणासाठी. अकरांपैकी एका पत्राने आम्ही हललो. हे तू मनापासून लिहिलंस ना?" आणि त्या सावकाश वाचायला लागल्या. "'गेली दोन वर्षे मी हिच्या आवाजाखाली जगत आहे. सकाळी माझे डोळे उघडतात ते हिच्यामुळे. माझे स्वतःचे विचार काय होते, ते आता मला आठवत नाही. मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, पण हिच्या परीक्षेला बसले तर पास होईन. ही जिथे जाईल तिथे ऐकणारा शोधते आणि त्याला ऐकवल्याशिवाय सोडत नाही. बाकाची उंची हिने सांगितली ती बरोबर निघाली, हेही नाइलाजाने मान्य करावे लागते. हिच्यापासून सुटका नाही.'"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तीस वर्षांत एका विद्यार्थिनीचा दुसरीवर असा प्रभाव मी पाहिला नाही."

"मॅडम, ती तक्रार आहे!"

"बघा!" बाई क्रीडासंचालकांकडे वळल्या. "कौतुकसुद्धा किती संकोचाने करते!"

"मॅडम, खरंच! मला झोप मिळत नाही!"

"भारावलं की असंच होतं," क्रीडासंचालक म्हणाले. "माझंही उमेदीच्या काळात व्हायचं." आणि त्यांनी पत्राखाली लाल शाईने बरोबरची खूण केली.

समारंभात ते पत्र मंचावरून वाचून दाखवलं गेलं. सभागृह उभं राहिलं. साहेबसुद्धा टाळ्या वाजवत होते, जरा हळू. रेडिओ ढाल घेऊन खाली आली ती सरळ चौकशीच्या गळ्यात पडली आणि हमसून हमसून रडायला लागली. "मला वाटायचं, तू वैतागतेस माझ्यावर! आणि तुझ्या मनात एवढं होतं? कधी बोलली नाहीस ती!"

आता हिला खरं काय सांगणार? चौकशीला रागही आला, लाजही वाटली आणि थोडं भरूनही आलं. तिने रेडिओच्या पाठीवर थोपटलं आणि शिक्षा म्हणून स्वतःशीच पाठीच्या मणक्यांची नावं म्हटली. सगळी आली!

आणि मग, ढाल बघायला घरून निघालेल्या आईला "नको येऊस" असा फोन करता करता, चौकशीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गच्चीवरची खोली रेडिओला मिळाली. म्हणजे रेडिओ वर जाणार. म्हणजे खाली राहणार कोण? एकटी चौकशी!

"अभिनंदन गं!" ती आता मनापासून ओरडली. रेडिओची ट्रंक तिने स्वतः तीन जिने चढवली. पुस्तकं चढवली, प्लास्टिकचा सांगाडा खांद्यावर घेऊन चढवला. दुपारी दोन वाजता दार लावून ती खाटेवर आडवी झाली. काय ती शांतता! बाहेर कुणीतरी गादी झटकत होतं तेवढंच. चौकशीचे डोळे जड झाले.

अडीचला दार वाजलं. रेडिओ उभी होती. काखेत तीन पुस्तकं आणि चेहरा पडलेला.

"वर काही पाठच होत नाही गं. भिंतीला काय सांगणार? अर्धं मनगट झालं आणि अडकले. इथेच बसते मी. सामान राहू दे वर, खोली बघ कशी मोकळी झालीय आपली!"

चौकशी ताडकन उठून बसली. पण ती हार मानणारी नव्हती. "असं कर," ती शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली, "तू इथेच राहा. खुशाल राहा. वरची चावी मला दे. मीच वर जाते."

"अय्या, खरंच?" रेडिओने कनवटीची चावी काढून तिच्या हातावर ठेवली आणि पुस्तकं पुन्हा काखेत मारली. "मग चल की, मीही येतेच!"